राहूचे आठ मासे

"सहा महिने झाले, आई. काच हिरवी ती हिरवीच. मी तेव्हाच म्हटलं होतं, सोनेरी आणू या."

"सोनेरी, सोनेरी. तुला मासा दिसायला पाहिजे. मला काम करणारा पाहिजे."

"मग कुठं आहे काम?" साइफोननं फिशटँकच्या काचेवर बोट ओढलं. शेवाळ आतल्या बाजूला होतं, त्यामुळे बोट स्वच्छच राहिलं, आणि त्याचाही तिला राग आला. "बाबांना यातून काय दिसत असेल? हिरव्या रश्श्यात बघितल्यासारखं."

"पहिला महिना कशी चकचकीत केली होती त्यानं? तेव्हा नाही काही बोललीस."

"पहिला महिना. तेव्हा बोटाएवढा होता. आता वीतभर झालाय. पोट बघ त्याचं."

"खातो म्हणून पोट आहे ना?"

"शेवाळ तर जिथल्या तिथं आहे," साइफोन म्हणाली. "मग हा खातोय काय?"

लामदुआन उत्तर द्यायला वळली. तेवढ्यात ठक्‌ठक्‌ आवाज आला. खिडकीशी खुर्चीत बसलेला तिचा नवरा प्राचुआब डाव्या हातातला पेजेचा चमचा फिशटँकच्या काचेवर आपटत होता. पेज शर्टावर सांडली होती. त्याची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्याच्या झटक्यानं गेली होती, तोंडातून 'आ'पलीकडे शब्द निघत नव्हता. पण 'आ' तरी तो शांतपणे म्हणायचा. आज त्याचा चेहरा जांभळा पडला होता.

"काय झालं, पी? गरम लागली का?" वयानं मोठ्या कुणालाही तिकडे 'पी' म्हणतात, तसं ती नवऱ्यालाही म्हणायची.

चमचा पुन्हा आपटला. खालच्या कोपऱ्यात.

लामदुआन गुडघ्यावर बसली आणि जिथं शेवाळ जरा विरळ होतं तिथं डोळा लावला. सोम कोपऱ्यात, प्लॅस्टिकच्या पुलामागं तिरका पडला होता. सोम म्हणजे त्यांचा म्हातारा गोल्डफिश; त्यांच्या भाषेत सोम म्हणजे संत्रं, आणि याचा रंग तसाच, म्हणून सोम. त्याच्या कुशीला काळा मासा जळूसारखा चिकटला होता. सोम कल्ले हलवत होता, पण पळत नव्हता. पळून दमला असावा. काळ्यानं जरा जागा बदलली तेव्हा खालची कातडी दिसली. तिथं खवले नव्हते. कापलेल्या पेरूसारखा पांढरा-गुलाबी चट्टा होता, नाण्याहून मोठा.

साइफोनही वाकली आणि तिनं बघितलं. भांडण जिथं होतं तिथंच थांबलं.

मग लामदुआननं बाही वर करून हात पाण्यात घातला. काळा मासा सुटेना. त्याची पाठ पत्र्यासारखी टणक होती, कल्ल्याजवळचे काटे तिच्या अंगठ्यात घुसले. तिनं ओढला तेव्हा सोमही त्याच्याबरोबर हातभर ओढला गेला आणि मग दोघं अलग झाले. तो आवाज तिला पाण्यातूनही ऐकू आल्यासारखा वाटला.

सोमला त्यांनी मिठाच्या पाण्यात, कपडे भिजवायच्या टबात ठेवलं. टब प्राचुआबच्या पायाशी ओढला. त्यानं डावा पाय टबाला लावला आणि तसाच ठेवला.

ही गोष्ट काही नुसत्या माशाची नव्हती, हे त्या घरात तिघांनाही माहीत होतं. झटका आल्यापासून प्राचुआब माणसांकडे बघत नसे. डॉक्टर आले, भिक्खू आले, धाकटा भाऊ रडून गेला, हा भिंतीकडे बघत राहिला. पण सकाळी खुर्ची फिशटँकपाशी नेली की सोम पुढं येऊन काचेला तोंड लावायचा, आणि प्राचुआब डावं बोट काचेवर ठेवायचा. बोट इकडे नेलं की मासा इकडे, तिकडे नेलं की तिकडे. मग तो पेज घ्यायचा. बोट आणि मासा, एवढंच त्याचं जगाशी बोलणं उरलं होतं. काच हिरवी व्हायला लागली तसा तो चिडचिडा झाला, आणि म्हणून शेवाळ खाणारा मासा आणायचं निघालं.

साइफोनला बाजारात मिळणारा तो सोनेरी हवा होता, त्याला मधमासा म्हणतात. लामदुआन म्हणाली, विकत कशाला? माझ्या घाटावरच्या टबात काळे मासे पडलेत, टबाच्या भिंती चाटून चाटून नव्या करतात. पावसाळ्यात भिक्खूंचा वर्षावास लागला त्या आठवड्यात तिनं त्यातला सगळ्यात लहान निवडून, ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणला. आणताना हात जोडले होते. तो काही साधा मासा नव्हता. राहूचा मासा होता.

गेल्या पंधरा दिवसांत सोम काचेशी येईनासा झाला होता. लामदुआन नवऱ्याला सांगत होती, "थंडी आहे, पी. म्हातारा झालाय तो. तुम्हाला नाही का सकाळी उठवत?" प्राचुआब आ आ करायचा. ती समजत होती, तो हो म्हणतोय.

अंगठ्याला फडकं बांधून तिनं काळा मासा झाकणाच्या बादलीत टाकला आणि साइफोनला म्हणाली, "स्कूटर काढ."

"कुठं?"

"लुंग विनायकडे."

लुंग म्हणजे काका; विनाय हा गावाबाहेरचा मत्स्यपालक. सिमेंटच्या तीस टाक्या, वर नारळाच्या झावळ्या, आणि मध्ये लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून तो. लामदुआन अठरा वर्षं त्याच्याकडून मासे घेत होती. बाराशे माणसांच्या त्या गावात तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. विहाराच्या घाटावर पुण्यासाठी सोडायचे मासे विकणारी ती. मरळ आयुष्यासाठी, वाम अडचणीतून निसटायला, मागूर वैऱ्यांपासून सुटायला. वाढदिवसाला वयाहून एक जास्त. आजाऱ्याच्या नावानं, पोटातल्या बाळाच्या नावानं, परीक्षेच्या नावानं. माणसं छोट्या बादलीतून मासे घेऊन पायऱ्या उतरायची, पुटपुटायची, पाण्यात सोडायची, आणि वर येताना चेहरा हलका झालेला असायचा. तो चेहरा बघायला लामदुआनला आवडायचं. आपण पुण्याच्या दारात बसतो असं ती म्हणायची, आणि गंमत म्हणून म्हणायची नाही.

माशांचं तिचं ज्ञान मात्र टबापासून पायरीपर्यंतचं होतं. त्याच्या पुढचं पाण्याचं.

विनायनं बादलीचं झाकण उघडून बघितलं. "तुझाच माल आणलास मला?"

"लुंग, हा दुसऱ्या माशाला खातो?"

"खात नाही. चाटतो. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो ना, तो. थर संपला की कातडी. कातडी संपली की पुढचं."

"पण हा तर शेवाळ खाणारा."

"लहानपणी. मोठा झाल्यावर कशाला खाईल? तुझ्यासमोर डुकराचं मटण असेल तर तू भाजीचे देठ चावशील का? आणि तुझा गोल्डफिश म्हणजे जाडा, हळू पोहणारा, अंगभर चिकटा. याच्यासाठी पंगतच."

लामदुआन त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू घरात ठेवायला कधी मागितलास?" विनाय साधेपणानं म्हणाला. "तू सोडायला नेतेस. सोडलेला मासा काय खातो, हे मला आजवर कुणी विचारलं नाही."

साइफोननं मान दुसरीकडे वळवली.

"शहरातली माणसं हौसेनं घेतात," तो सांगत होता, "बोटाएवढा असतो तेव्हा. हातभर झाला की दुकानात आणून टाकतात. दुकानवाला माझ्याकडे टाकतो. पूर्वी मी डुकरांना घालायचो. त्यांनाही काटे लागायचे. मग तू आलीस. 'लुंग, हे मला द्या, यांचं मी बघते.' आठवतंय?"

तिला आठवत होतं. आठवायची गरजच नव्हती, ही गोष्ट ती दर पाहुण्याला सांगायची. लग्न होऊन आली तेव्हा ती घाटावर कमळाच्या कळ्या विकायची. मासे नंतर सुरू केले. एकदा विनायनं एक टब फुकट दिला. काळे, खरबरीत, चपट्या तोंडाचे मासे. कुणी त्यांच्याकडे बघेना. तीन दिवस ते टबात पडून होते. बुधवारी संध्याकाळी, म्हणजे राहूला वाहायच्या वेळेला, काळा ब्लाउज घातलेली एक बाई आली. तिच्यामागं राहू लागला होता. आठ काळ्या वस्तू वाहायच्या, तिच्या हातात सात होत्या. काळा चिकट भात, काळी जेली, काळी कॉफी, काळी अंडी, असंच काय काय. आठवी कुठं वाटेत सांडली होती. ती पायरीवर बसून रडायला लागली. लामदुआन म्हणाली, "ताई, हा घ्या की. हा राहूचाच मासा." तोंडातून निघालं आणि निघाल्याबरोबर तिलाही खरं वाटलं. एवढा काळा, एवढं मोठं तोंड, नुसतं गिळायला बसलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाटी रंगवली. राहूचा मासा, आठ सोडा, संकट सुटेल. पुढं बुधवार म्हटलं की तिच्याकडे रांग.

पाटी बघून प्राचुआब हसला होता. तो तेव्हा फेकजाळं घेऊन होडीवर जायचा. पण चार-पाच वर्षांत जाळी फाटून यायला लागली. "तुझ्या राहूनं माझं जाळं गिळलं बघ," तो म्हणायचा, आणि ती म्हणायची, "तुमचं नशीब गिळलं नाही ना, मग गप बसा." मग एके वर्षी त्यानं जाळं माळ्यावर टाकलं आणि विहाराची नाव वल्हवायला लागला. मासाच उरला नाही, म्हणायचा. ती म्हणायची, कारखान्याचं पाणी. सगळेच म्हणायचे.

विनायनं चार काचेच्या बरण्या आणून ओट्यावर मांडल्या. "आलीच आहेस तर नीट बघून घे. हा तुमचा सोनेरी, मधमासा."

"हाच मी सांगत होते," साइफोन म्हणाली.

"हा याच्यासारखाच, पोरी. लहानपणी गुणी, मोठा झाला की दुसऱ्याच्या पाठीवर. रंगाला भुलू नको." साइफोनचे कान लाल झाले. "हा इवलासा, ठिपक्यांचा. हा कुणाला त्रास देत नाही, पण पाणी जरा बिघडलं की मरतो, आणि तुमच्या टाकीत ते रोजच बिघडतं. आता हे दोघं बघा. काय फरक दिसतो?"

दोन बरण्यांत दोन सारखेच सडपातळ मासे होते, अंगावर काळी रेघ. लामदुआननं डोळे बारीक केले. "याची रेघ शेपटीच्या टोकापर्यंत गेलीय. त्याची आधीच संपलीय."

"बघ, डोळे आहेत तुला. टोकापर्यंत रेघ गेलेला तो खरा नखमासा. बाईच्या नखासारखा निमुळता. दुसरा त्याचा तोतया, शेवाळाला तोंड लावत नाही. खरा घ्यायचा, दोन घ्यायचे, एकटा ठेवला की खोड्या काढतो. पण आज नाही. तुमच्या म्हाताऱ्याची जखम भरू दे. तोवर काच हातानं घासा आणि टाकी खिडकीत असेल तर तिथून हलवा. ऊन लागलं की शेवाळ येणारच, त्याला मासा काय करणार? महिन्यानं या, दोन बाजूला ठेवतो. आणि तेही वाढतात. वाढले की माझ्याकडे आणा. पाण्यात सोडायचे नाहीत."

"आणि हा?" लामदुआननं बादली पुढं सरकवली.

"तो मी घेणार नाही. माझ्याकडे आधीच आहेत तुझ्या पुढच्या बुधवारचे."

ती उठली नाही. तिनं विचारलं, "लुंग, पाण्यात सोडलेले. ते मरत असतील ना? हे पाणी त्यांचं नाही."

"मरायला काय झालंय? त्यांना कोण खातो? एकेक मादी ढिगानं अंडी घालते आणि नर बिळात बसून राखतो. ओहोटीला घाटाखाली बघितलं नाहीस कधी?"

परत येताना तिनं साइफोनला घाटावर थांबायला सांगितलं. दुपार ओसरत होती, ओहोटी लागली होती. तिच्या टबांवर शेजारची सांगुआन लक्ष ठेवून होती. "कुठं होतीस दिवसभर? बुधवार आहे," ती ओरडली. लामदुआन न थांबता पायऱ्या उतरून अगदी खालच्या पायरीवर गेली, जिथं गिऱ्हाईक जातं पण विकणारी कधी जात नाही.

चिखलाचा काठ उघडा पडला होता. त्यात भोकं होती. मनगट जाईल एवढी, एकाशेजारी एक, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत, चाळणीसारखी. ही भोकं तिनं वरून शंभरदा बघितली होती. खेकड्यांची असतील असं वाटायचं. प्राचुआब एकदा म्हणाला होता, "खाली येऊन बघ तर कुणाची आहेत." ती म्हणाली होती, मला गिऱ्हाईक आहे.

आता ती वाकली. सगळ्यात जवळच्या बिळात अर्धं पाणी होतं. पाण्यात एक रुंद, काळं डोकं होतं. ते हललं नाही, मागंही सरकलं नाही. आपल्या घरात बसल्यासारखं बसलं होतं. त्याच्या पुढच्या बिळात दुसरं होतं.

नवऱ्याला झटका आला त्या आठवड्यात तिनं स्वतः, टबातले सगळ्यात मोठे आठ निवडून, याच घाटावरून सोडले होते. एकेकाला हात जोडून. 'माझ्या नवऱ्याचं संकट घेऊन जा.' त्या आठांनी संकट कुठं नेलं नव्हतं. ते इथंच राहिले होते, त्याच्याच पाण्यात. त्याचं जाळं ज्यांनी फाडलं त्यांच्यातच तिनं त्याच्या नावानं आणखी आठ घातले होते, आणि तो घरी पडून होता, त्याला सांगता येत नव्हतं.

"पी," वरून कुणी हाक मारली. एक तरुण बाई, काळा टी-शर्ट, डोळे सुजलेले. "आठ काळे द्या ना. उद्या ह्यांचं ऑपरेशन आहे."

लामदुआन वर आली. तिनं त्या बाईकडे नीट बघितलं. मग मरळीच्या टबात जाळी घातली.

"हा नाही, काळा."

"हाच ने. हा इथलाच आहे, इथं जगेल, इथं कुणाचं वाईट करणार नाही."

"पण राहूला काळं लागतं ना?"

"पाठ बघ. काळीच आहे." ती जरा थांबली. "आणि आठच पाहिजेत असं काही नाही. एक सोड, आणि दवाखान्यात जाऊन त्यांच्याजवळ बस."

सांगुआन तोंड उघडं टाकून बघत होती. बाई मरळ घेऊन खाली गेली तेव्हा ती म्हणाली, "तुला ऊन लागलंय का? आठाच्या जागी एक?"

लामदुआननं पाटीचा खिळा उपटला. पाटी अठरा वर्षांत तीनदा नव्यानं रंगवली होती. मागची बाजू कुजली होती. ती तिनं काखेत मारली, काळ्या माशांच्या टबावर फळी टाकली आणि बादली घेऊन स्कूटरवर बसली.

घरी प्राचुआब तसाच होता, पाय टबाला लावून. सोम तळाशी होता, पण सरळ. लामदुआननं फिशटँकमधलं पाणी उपसलं, जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घेऊन काच घासायला बसली. हिरव्या सालींसारखं शेवाळ तिच्या पायाशी पडत गेलं. साइफोननं फिशटँकचं दुसरं टोक धरलं आणि दोघींनी मिळून ती खिडकीजवळून आतल्या भिंतीला हलवली. खुर्चीही हलवली.

"त्या काळ्याचं काय करायचं?" साइफोननं बादलीकडे न बघता विचारलं. "कारखान्यातल्या बायका म्हणतात, भाजून खातात हल्ली. कवच काढून. मरळीसारखाच लागतो म्हणे."

"ज्याच्यापुढं हात जोडले त्याला भाजू?"

"मग सोडणार?"

लामदुआननं ओले हात सारोंगला पुसले. ती नवऱ्याच्या समोर जाऊन उकिडवी बसली, जिथं त्याला बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"पी, मी खाली जाऊन बघितलं. बिळं बघितली."

प्राचुआबनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. मग तो म्हणाला, "आ," आणि ते हो नव्हतं, नाहीही नव्हतं. कधीपासून वाट बघून दमलेल्या माणसाचं होतं ते.

तिला रडू येईल असं साइफोनला वाटलं. ते आलं नाही. ती उठली, काळ्या माशाची बादली उचलली, मागच्या मोरीकडे गेली. दगडी हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. मग ती दारात येऊन उभी राहिली.

"तो मागच्या हौदात राहील," ती म्हणाली. "विकायचा नाही, सोडायचा नाही, मारायचा नाही. मरेपर्यंत त्याला मी खायला घालीन. कपडे आता पुढच्या नळावर धुवायचे. घाटावर जे टबात उरलेत तेही उद्या इथंच येतील. आणि बुधवारी कुणी राहूचा मासा मागायला घरी आलं, तर सांगायचं, लामदुआन काळा मासा विकत नाही."